मराठवाड्यांतील स्त्री आणि तिचें मत

(नभोवाणीवरील भाषण)

मतदारांची यादी हें पुस्तक हौसेनें कोणी वाचीत नाहीं. निवडणूक आली म्हणजे ती चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीवर लागते, माणसें आपलें नांव शोधतात, आणि तें सांपडलें कीं पाठ फिरवितात. परंतु नांदेड किंवा लातूर येथील एखाद्या मोहल्ल्याची यादी कोणी सावकाश वाचूं लागला तर त्याच्या डोळ्यांत एक गोष्ट भरल्यावांचून राहणार नाहीं. पुरुषाचें नांव जितक्या जागेंत छापलें आहे तितक्याच जागेंत स्त्रीचें नांव छापलेलें असतें. त्याला एक अनुक्रमांक, तिलाहि एक अनुक्रमांक. वाड्यांतील सुनेला एक मत, आणि त्याच वाड्यांत धुणें-भांडीं करणाऱ्या बाईलाहि एकच मत. ही समता इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती कोणी मिळविली, केव्हां मिळविली आणि तिच्यासाठीं काय सोसावें लागलें, हें विचारण्याची आठवणहि कोणाला होत नाहीं. जी गोष्ट फुकट मिळाली असें वाटतें तिची किंमत माणूस लवकर विसरतो. म्हणूनच हा इतिहास मधून मधून उजळावा लागतो.

स्त्रियांना मत असावें हा विचार जगालाहि फार जुना नाहीं. संबंध देशाच्या निवडणुकींत स्त्रियांना मत देण्याचा पहिला मान न्यू झीलंडनें १८९३ सालीं मिळविला. ऑस्ट्रेलिया १९०२ सालीं व फिनलंड १९०६ सालीं त्याच वाटेनें गेले. इंग्लंडांत मात्र या मागणीसाठीं बायकांना मोर्चे काढावे लागले, तुरुंग भोगावा लागला, तुरुंगांत उपोषणें करावीं लागलीं. आणि एवढें होऊन १९१८ सालीं जो अधिकार पदरांत पडला तो तीस वर्षांवरील व मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांपुरताच होता. पुरुषांच्या बरोबरीचें मत त्यांना १९२८ सालीं मिळालें. अमेरिकेनें १९२० सालीं आपली राज्यघटना त्यासाठीं दुरुस्त केली. जगाला समतेचा मंत्र देणाऱ्या फ्रान्सनें स्वतःच्या स्त्रियांना मत देण्यास १९४४ साल उजाडूं दिलें, आणि स्वित्झर्लंडांतील स्त्रिया देशाच्या निवडणुकींतील मतासाठीं १९७१ पर्यंत तिष्ठत राहिल्या. गोदावरी आणि मांजरा यांच्या कांठची निरक्षर शेतकरीण पहिलें मत देऊन घरीं परतली, तेव्हां त्या सुशिक्षित स्विस भगिनीला आणखी जवळ जवळ वीस वर्षें वाट पाहावयाची होती, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

हिंदुस्थानांत या मागणीचा पहिला ठळक उच्चार १८ डिसेंबर १९१७ रोजीं मद्रास येथें झाला. भारतमंत्री माँटेग्यू हे राजकीय सुधारणांच्या चौकशीसाठीं या देशांत आले होते. त्यांच्यासमोर स्त्रियांचें एक शिष्टमंडळ गेलें. मार्गारेट कझिन्स या आयरिश विदुषीनें त्याची जुळवाजुळव केली, आणि नेतृत्व सरोजिनी नायडू यांनीं केलें. त्यांचें मागणें मोठें साधें होतें: नव्या सुधारणांत जे हक्क प्रजेला दिले जातील, त्या ‘प्रजा’ शब्दांत स्त्रियांचीहि गणना व्हावी. आतां या प्रसंगांतील एक योगायोग पाहण्यासारखा आहे. सरोजिनीबाईंचा जन्म १८७९ सालचा, आणि तो हैदराबादचा. म्हणजे ज्या संस्थानांत नांदेड व लातूर हीं गांवें त्या काळीं मोडत होतीं, त्याच संस्थानच्या राजधानींत वाढलेली स्त्री सगळ्या देशांतील स्त्रियांच्या वतीनें मत मागावयास उभी राहिली. आणि तिच्या स्वतःच्या गांवांत त्या वेळीं मत ही वस्तु पुरुषांच्याहि हातीं नव्हती!

माँटेग्यूसाहेबांनीं त्या शिष्टमंडळाचें स्वागत आदरानें केलें. पण पुढील वर्षीं जो अहवाल प्रसिद्ध झाला त्यांत स्त्रियांच्या मताविषयीं शब्द नव्हता. मताधिकाराचा विचार करण्यासाठीं लॉर्ड साउथबरो यांची समिति नेमली गेली. तिनें या देशांतील पडदा, रूढि आणि लोकांचें सनातनी मन यांकडे बोट दाखवून ही मागणी अकालीं आहे असा निर्णय दिला. तेव्हां १९१९ सालीं मुंबईच्या हेराबाई टाटा आपल्या कन्येसह विलायतेस गेल्या आणि तेथील पार्लमेंटच्या सभासदांना भेटून त्यांनीं हा प्रश्न जागता ठेवला. अखेर त्या वर्षींच्या कायद्यानें स्वतः निर्णय न देतां तो प्रांतोप्रांतींच्या कायदे कौन्सिलांवर सोंपविला. सरकारचा होरा असा असावा कीं, हिंदी पुरुषच आपल्या बायकांना मत नाकारतील. परंतु घडलें उलट. १९२१ सालीं प्रथम मद्रासनें आणि मागोमाग मुंबईनें ठराव केला, आणि पुढील आठ वर्षांत बाकीच्या प्रांतांनींहि तोच कित्ता गिरविला. साउथबरो समितीला जें अकालीं वाटलें होतें, तें दोन वर्षांतच सकाल ठरलें.

मुंबई इलाख्यांत हें शक्य झालें याचें श्रेय एकट्या कौन्सिलाचें नव्हे. १८४८ सालीं जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं स्त्री-पुरुषांना लावल्या जाणाऱ्या दोन मापांविषयीं रोखठोक पुस्तक लिहिलें. १८८९ सालच्या मुंबईच्या राष्ट्रीय सभेंत पंडिता रमाबाई प्रतिनिधि म्हणून बसल्या. या सत्तर वर्षांच्या मशागतीवर मताचें पीक आलें. पुण्याच्या सेवासदनाच्या रमाबाई रानडे यांनीं उतारवयांत हें कार्य अंगावर घेतलें. मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें यासाठीं त्या झगडल्या, आणि स्त्रियांच्या मतासाठींहि झगडल्या. या दोन मागण्या त्यांच्या लेखीं एकाच रथाचीं दोन चाकें होतीं. १९२७ च्या जानेवारींत बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांच्या अध्यक्षतेखालीं पुण्यांत अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें, तेंहि प्रथमतः शिक्षणाच्याच प्रश्नासाठीं. पुढें त्याच परिषदेच्या व्यासपीठावरून मताची मागणी निकरानें मांडली गेली.

परंतु १९२१ सालीं मिळालेलें तें मत कोणाचें होतें, हें स्पष्ट पाहिलें पाहिजे. तें मालमत्तेचें मत होतें. ज्याच्या नांवावर घर, जमीन किंवा ठराविक कर, त्याला मत. आतां हिंदु कुटुंबांत स्त्रीच्या नांवावर घर-जमीन कितीशी असणार? त्यामुळें दार उघडलें खरें, पण आंत जावयास वाट मिळाली ती मूठभर स्त्रियांना. १९३५ च्या कायद्यानें साक्षर स्त्रियांना व मालमत्ताधारी मतदारांच्या पत्नींना मत दिलें, आणि मतदार स्त्रियांची संख्या सुमारें साठ लक्षांवर गेली. तरीहि पुरुष मतदार त्यांच्या जवळ जवळ पांचपट होते. शिवाय पतीच्या मालमत्तेवरून पत्नीला मत म्हणजे तिचें मतहि त्याच्या सातबाऱ्याची पुरवणीच झाली! महिला संघटनांनीं या अटीला स्वच्छ विरोध केला. राजकुमारी अमृत कौर, मुथ्थुलक्ष्मी रेड्डी व बेगम हमीद अली यांनीं १९३३ सालीं विलायतेंत साक्ष देतांना प्रौढ मताधिकाराचाच आग्रह धरला. त्यापूर्वीं १९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं सायमन कमिशनपुढें हीच मागणी केली होती: एकवीस वर्षांवरील प्रत्येकाला मत, मग तो पुरुष असो वा स्त्री, धनिक असो वा भूमिहीन. स्त्रीचा प्रश्न आणि गरीबाचा प्रश्न हे दोन नव्हते, हें ज्यांनीं ओळखलें त्यांच्याच बाजूनें पुढें इतिहास गेला.

आतां निजामाच्या राज्याकडे वळावयाचें. हैदराबाद संस्थान सुमारें ८२ हजार चौरस मैलांचें; त्यांतील औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पांच जिल्हे मराठी. लातूर त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला. या राज्यांत कायदे कौन्सिल स्थापन झालें तें १८९३ सालीं, म्हणजे न्यू झीलंडच्या स्त्रियांना मत मिळालें त्याच वर्षीं. परंतु त्यांत अधिकारी आणि सरकारनियुक्त मंडळींचाच भरणा असे. जहागीरदार व वकील यांचे मोजके प्रतिनिधि सोडले तर निवडून येणें ही गोष्ट तेथें नव्हतीच. सामान्य रयतेला, मग ती पगडी घालणारी असो कीं पदर घेणारी, मत कशाशीं खातात हें ठाऊक नव्हतें. १९३९ सालीं सुधारणांची एक योजना जाहीर झाली, पण तींतहि जागा वाटल्या होत्या त्या धंद्यांच्या व हितसंबंधांच्या गटांना. माणसाला माणूस म्हणून मत नव्हतेंच.

सरहद्दीवर हा भेद फार बोचत असे. लातूरचा माल ज्या लहान रुळांच्या गाडीनें बाहेर पडे ती गाडी बार्शीवरून जाई, आणि बार्शी इंग्रजी मुलखांत. बार्शीची लेक लातुरास व लातूरची लेक बार्शीस देण्याचा प्रघात जुना. बार्शींत जिच्या नांवावर मालमत्ता असेल अशा स्त्रीला १९२१ नंतर कौन्सिलच्या निवडणुकींत मत होतें. तीच स्त्री लातुरास नांदावयास आली कीं तिचें मत माहेरींच राहिलें. उत्तरेकडेहि तीच कथा. पैनगंगेच्या अलीकडे नांदेड जिल्ह्यांतील हदगांव, पलीकडे वऱ्हाडांतील उमरखेड. वऱ्हाड नांवाला निजामाचें, कारभार इंग्रजांचा. त्यामुळें १९३७ च्या निवडणुकींत उमरखेडची साक्षर स्त्री मतदार, आणि हदगांवची तितकीच साक्षर स्त्री, किंबहुना तिचा नवरासुद्धां, मताला पारखा! याच मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळांत त्या वर्षीं अनसूयाबाई काळे उपसभापति झाल्या. नदी एकच, भाषा एकच, ओंव्या त्याच. भेद होता तो केवळ राज्यपद्धतीचा.

म्हणूनच मराठवाड्यांत स्त्रियांच्या मताची चळवळ अशा स्वतंत्र नांवानें उभी राहिली नाहीं. जेथें कोणालाच मत नाहीं तेथें स्त्रीनें पुरुषाकडे काय मागावें? तेथें मागणी होती ती जबाबदार राज्यपद्धतीची, आणि स्त्रीचें मत त्या मागणीच्या पोटांत होतें. महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं परतूर येथें, दुसरें १९३८ सालीं लातूर येथें व तिसरें १९४१ सालीं नांदेड जिल्ह्यांतील उमरी येथें भरलें. १९३८ सालीं स्टेट काँग्रेसवर ती उभी राहण्यापूर्वींच बंदी आली आणि स्वामी रामानंद तीर्थ प्रभृति मंडळींनीं सत्याग्रह आरंभिला. हे स्वामीजी मूळचे शिक्षक. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत आणि पुढें अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयांत त्यांनीं पिढी घडविली. ज्या राज्यांत उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, तेथें मराठी घरांतील मुलीला दोन भिंती ओलांडाव्या लागत: एक परक्या माध्यमाची आणि दुसरी घरच्या उंबरठ्याची. राष्ट्रीय शाळांनीं पहिली भिंत पाडावयास घेतली, आणि त्या धक्क्यानें दुसरीलाहि तडे गेले.

पुढें जें घडलें त्यानें दुसरी भिंत पुष्कळच ढासळली. १९४६ सालीं बिलोली तालुक्यांत अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. १९४७ च्या ऑगस्टांत देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान बाहेर राहिलें, आणि रझाकारांच्या जाचाला ऊत आला. पुरुष मंडळी सरहद्दीवरील छावण्यांत गेली. उमरखेड व बार्शी या बाजूंना तरुणांचे तळ पडले. ३० जानेवारी १९४८ रोजीं, गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशीं, उमरीच्या बँकेवर छापा घालून लढ्यासाठीं पैसा नेण्यांत आला. हीं नांवें व तारखा पुस्तकांत आहेत. परंतु छावणींतल्या माणसाच्या घरीं त्या रात्रीं कोण होतें? दार ठोठावलें गेलें म्हणजे उघडण्यास कोण पुढें येई? निरोप कोणी नेला, भाकरी कोणी थापल्या, पोरांना घेऊन शेतांत रात्र कोणी काढली? जालन्याकडील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनीं तर निरोप व हत्यारें पोंचविण्याचें काम जिवावर उदार होऊन केलें, म्हणून त्यांचें नांव राहिलें. ज्यांचें नांव राहिलें नाहीं अशा स्त्रिया गांवोगांव होत्या.

हें सांगण्याचें कारण आहे. मराठवाड्यांतील स्त्रीला मत आयतें मिळालें, राज्यघटनेनें सर्वांना दिलें म्हणून तिलाहि मिळालें, असें पुष्कळदां म्हटलें जातें. वरवर पाहतां तें खरेंहि दिसतें; कारण तिनें मतासाठीं मोर्चा काढला नाहीं कीं विलायतेस शिष्टमंडळ धाडलें नाहीं. परंतु ज्या लढ्यामुळें तिच्या प्रदेशांत मतपेटी येऊं शकली, त्या लढ्याचा निम्मा भार तिनें वाहिला होता. तिनें मत मागितलें नाहीं, मत ज्यांतून उगवतें तें राज्यच पालटण्यास हातभार लावला. मग हें मत आयतें कसें?

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं पोलिस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. १९४९ च्या नोव्हेंबरांत भारताची राज्यघटना हैदराबाद संस्थानास लागू होईल असें फर्मान निघालें, आणि २६ जानेवारी १९५० पासून तिचा अंमल सुरू झाला. जी घटना-समिति ही घटना घडवीत होती तींत पंधरा स्त्रिया होत्या. त्यांपैकीं हंसाबेन मेहता यांनीं स्त्रियांना राखीव जागा नकोत, न्याय व समता हवी, अशी भूमिका घेतली. घटनेच्या ३२६ व्या कलमानें एकवीस वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला मत दिलें. मालमत्ता नाहीं, साक्षरता नाहीं, पतीचें नांव नाहीं. कशाचीहि अट उरली नाहीं. बार्शीच्या स्त्रीला ज्या पायऱ्या चढावयास तीस वर्षें लागलीं, त्या लातूरच्या स्त्रीनें एका पावलांत ओलांडल्या. पुढें १९८९ सालापासून ही वयोमर्यादा अठरावर आली.

कायदा झाला, पण यादी करावयाची होती. आणि खरी अडचण तेथें उभी राहिली. देशाचे पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढें जो चमत्कारिक प्रश्न आला तो नांवाचा होता. उत्तर व मध्य हिंदुस्थानांतील अनेक प्रांतांत स्त्रिया स्वतःचें नांव सांगत ना. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशीच नोंद होई. सेन यांनीं अशी नोंद चालणार नाहीं असें ठरविलें. नांवें मिळविण्यासाठीं मुदत वाढविली गेली, तरीहि सुमारें आठ कोटि मतदार स्त्रियांपैकीं जवळ जवळ अठ्ठावीस लक्ष स्त्रियांनीं नांव दिलें नाहीं, आणि त्यांना त्या निवडणुकींत यादीबाहेर राहावें लागलें. हा निर्णय कठोर वाटला, पण तो दूरदृष्टीचा होता. जिला नांव नाहीं तिला मत कसें असेल? मत हें कुटुंबाचें नसतें. तें एका माणसाचें असतें, आणि माणूस नांवानें ओळखला जातो.

मराठी घरांत ही अडचण निराळ्या रूपानें होती. आपल्याकडे नवऱ्याचें नांव उखाण्यावांचून घ्यावयाचें नाहीं अशी रीत, आणि यादींत तर स्त्रीच्या नांवाशेजारीं पतीचें नांव हवें! शिवाय लग्नांत तिचें स्वतःचें नांव बदललेलें. तांदुळांत अंगठीनें लिहिलेलें नवें नांव सासरीं चालतें, जुनें नांव माहेरीं. आणि गांवांत ती कोणाची तरी आई, कोणाची तरी वहिनी. सरकारी कारकून दारांत उभा राहून ‘तुझें नांव काय’ असें विचारतो, आणि उत्तर केवळ तिनेंच द्यावयाचें असतें, हा प्रसंग लहान खरा. परंतु कित्येक घरांत राज्यसत्तेनें त्या स्त्रीला तिच्या नांवानें विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

१९५१ च्या ऑक्टोबरापासून १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत देशभर ती पहिली निवडणूक चालली. सुमारें १७ कोटि ३२ लक्ष मतदार, त्यांतील बहुसंख्य निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याचें चिन्ह लावण्यांत आलें. मतदारानें कागदावर कांहीं न लिहितां तो हव्या त्या पेटींत टाकावयाचा. बोटाला न पुसणारी शाई लागे. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांचा संकोच दूर व्हावा म्हणून देशांत सत्तावीस हजारांहून अधिक मतदानकेंद्रें केवळ स्त्रियांसाठीं राखलीं होतीं. ज्या पडद्याकडे बोट दाखवून साउथबरो समितीनें मत नाकारलें होतें, त्या पडद्याची तोड एका वेगळ्या खोलीनें निघाली! पेटीजवळ ती स्त्री एकटी जाई. तिच्या हातांतला कागद कोणत्या पेटींत पडला हें सासऱ्याला कळत नसे, पाटलाला कळत नसे, सावकारालाहि कळत नसे. गुप्त मतदानाची महती ज्यांना पोथ्यांतून कळली नाहीं, त्यांना ती त्या क्षणभरच्या एकांतानें कळविली.

हैदराबाद राज्याच्या पहिल्या विधानसभेंत मासूमा बेगम आणि तेलंगणाच्या लढ्यांतील आरुट्ला कमलादेवी यांच्यासारख्या स्त्रिया निवडून आल्या. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. परंतु येथें एक प्रामाणिक हिशेब मांडला पाहिजे. मत देणें निराळें आणि मत मिळविणें निराळें. नांदेड मतदारसंघानें लोकसभेंत स्त्री धाडली ती १९९१ सालीं, सूर्यकांता पाटील यांच्या रूपानें. लातूर मतदारसंघानें धाडली ती २००४ सालीं, रूपाताई पाटील निलंगेकर यांच्या रूपानें. पहिल्या निवडणुकीपासून २०२४ च्या निवडणुकीपर्यंत या दोन्ही ठिकाणांहून स्त्री निवडून गेली ती अशी एकेकदांच. २०२४ सालीं सबंध लोकसभेंत ५४३ पैकीं ७४ स्त्रिया निवडून आल्या. आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकींत तर मत देणाऱ्या स्त्रियांचें शेंकडा प्रमाण पुरुषांहून किंचित अधिकच भरलें होतें. म्हणजे रांगेंत स्त्री बरोबरीनें उभी आहे, पण सभागृहांत तिची जागा सातांत एकाएवढीच.

या विषमतेवर महाराष्ट्रानें खालून उपाय आरंभिला. १९९० सालीं स्थानिक संस्थांत स्त्रियांना शेंकडा तीस जागा राखल्या गेल्या. १९९३ सालीं अमलांत आलेल्या घटनादुरुस्तीनें देशभर एकतृतीयांश, आणि २०११ पासून महाराष्ट्रांत निम्म्या. हंसाबेन मेहतांनीं नाकारलेली राखीव जागा पन्नास वर्षांनीं स्वीकारावी लागली, यांत त्यांचा पराभव नाहीं; समाज आपण होऊन न्याय करील ही त्यांची अपेक्षा समाजानें पुरी केली नाहीं, इतकेंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील शेंकडों गांवांत घरांच्या दुरुस्तीच्या कामांत स्त्रियांनीं संवाद-सहायक म्हणून भाग घेतला. सरकारी योजना लोकांना समजावून सांगणें व लोकांचें म्हणणें अधिकाऱ्यांना ऐकविणें हें काम त्यांनीं केलें. मताला वाचा फुटली ती अशी. २०२३ सालीं लोकसभा व विधानसभांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्तीहि मंजूर झाली. जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर ती अमलांत यावी असें तिच्यांत ठरविलें गेलें.

तरीहि कायद्याचा हात उंबरठ्यापर्यंतच पोंचतो. सरपंच बाई आणि कारभार तिच्या पतीचा, हें दृश्य कोणाला अपरिचित नाहीं. ‘आमच्या घरचीं पांच मतें’ असें घरचा कर्ता अभिमानानें सांगतो, तेव्हां पांचांपैकीं चारांना कोणी विचारलें होतें, असा प्रश्न त्याला सुचत नाहीं. लग्न होऊन सासरीं आलेल्या मुलीचें नांव माहेरच्या यादींत तसेंच राहतें आणि सासरच्या यादींत चढत नाहीं. दागिन्यांची यादी बारकाईनें तपासणारीं घरें ही यादी तपासावयास विसरतात. बार्शीच्या लेकीचें मत एके काळीं परक्या राज्यामुळें मागें राहत असे. आज तें राहिलें तर दोष राज्याचा नव्हे, घरच्या आळसाचा. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीला तर गांवचें मत देण्यासाठीं मजुरी बुडवून परतावें लागतें. तिच्या मताची किंमत तिला रोख मोजावी लागते.

तात्पर्य, या इतिहासाचा शेवटचा भाग विधिमंडळांत घडावयाचा नाहीं. तो घराघरांत घडावयाचा आहे. मद्रासच्या शिष्टमंडळानें मागितलें होतें तें एवढेंच कीं, ‘प्रजा’ या शब्दांत स्त्रीची गणना व्हावी. राज्यानें ती १९५० सालीं केली. घरानें ती केली कीं नाहीं, हें पाहण्यास फार मोठी परीक्षा नको. पुढील निवडणुकीच्या वेळीं भिंतीवर यादी लागेल, तेव्हां घरांतील सुनेचें, आईचें आणि घरीं काम करावयास येणाऱ्या बाईचें नांव तींत आहे कीं नाहीं तेवढें पाहावें. नसेल तर तें चढवावें. आणि मतदानाच्या दिवशीं तिनें मत कोणाला दिलें, हें मात्र तिला विचारूं नये.